चांगला दगड कुठे मिळेल हो?

...तर दगड बघायला! मला! ह्या वयात! लोक आपल्या म्हाताऱ्यांना समुद्र दाखवतात, बागा दाखवतात, निदान एखाद्या नातलगाकडे नेऊन चार दिवस बसवतात, आणि मला नेलं दगड बघायला, आणि तेही कुणी हौसेने नेलं म्हणाल तर नाही हं, घराला रंग द्यायचं काढलं होतं, वासाने मला खोकला येतो, सून म्हणाली, "आईंना कुठे ठेवायचं?"... कपाट कुठे सरकवायचं, त्या चालीवर! तर नात म्हणाली, "आमच्या गाडीत मागे जागा आहे, गादीशेजारी." झालं. गादीशेजारी मी.

आता ही गादी कसली ते ऐका. माझी नात दगड चढते. डोंगर नाही हो, डोंगर असता तर चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं. दगड! सुटा धोंडा, दोन माणसं उंच, फार तर तीन, दोरी नाही, काही नाही, हाताला पांढरी पूड चोळायची, दोन नंबर लहान बूट पायांत कोंबायचे, पालीसारखं चिकटायचं, आणि पडलीच तर खाली ही गादी. आमचे नातजावई ती घडी घालून पाठीवर घेतात ना, मागून बघितलं तर वाटतं, बायकोने अंथरुणासकट घराबाहेर काढलंय. आणि मी म्हणते, आमचे हे होते तेव्हा मला उठता-बसता "नुसता दगड आहेस" म्हणायचे, तेव्हा नाही हो कुणी माझ्यापुढे गादी अंथरली!

हसा. पण त्यात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. गेल्या वर्षी पोरगी पडली, मनगट मोडलं. हाड सांधलं, पण तेव्हापासून दगडाला हात लावीना. शहरात त्यांची खोट्या दगडाची एक भिंत असते, रंगीत गोळे ठोकलेली, तिथे जायची, बूट घालायची, आणि बूट काढून परत यायची. सगळे बघतात म्हणे. तिला हवा होता असा दगड, ज्यावर आजवर कुणी चढलेलं नाही आणि जिथे बघायला कुणी नाही. चढता आला तर आला, नाही तर बूट कुणाला तरी देऊन टाकणार आणि विषय संपला. हे मला नाही सांगितलं तिने, जावयांना सांगत होती, मी मागे झोपले होते. म्हणजे डोळे मिटले होते. कान कुठे मिटता येतात?

तर पोचलो. असा मुलूख, की जिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रं नाही, आणि पोचल्या पोचल्या फोनचा नकाशा गेला. जावई फोन डोक्यावर धरून गोल गोल फिरायला लागले. मी म्हटलं, "अहो, ठेवा ते खिशात. मला तोंड आहे ना!" गर्व, दुसरं काय! मला अक्षरओळख नाही, पाट्या सगळ्या सारख्याच, त्यामुळे उभा जन्म मी विचारत विचारत काढला आणि कधी चुकले नाही. पण तोवर कधी दगड विचारला नव्हता!

पहिला भेटला पंक्चरवाला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला होता. म्हटलं, "दादा, इथे चांगला दगड कुठे मिळेल हो?" त्याने मला बघितलं, गाडी बघितली, उतार बघितला, आत गेला आणि दगड आणून माझ्या हातात ठेवला. "मागच्या चाकाला लावा. आणि निघताना परत द्या, माझा रोजचा आहे."

नात कानाशी लागली, "आजी, मोठा म्हण, मोठा!"

बरं. पुढे किराणा दुकान. दुकानवाली बाई साबणाच्या वड्या रचत होती. म्हटलं, "ताई, मोठा दगड हवा, चांगला. पोरीला." ती म्हणाली, "हो हो, नदीवर आहे की! सगळ्या तिथेच जातात." सगळ्या जातात म्हटल्यावर मला वाटलं, बघा, केवढी चढणारी गावं असतात! गेलो. तीन बाया धुणं आपटत होत्या. त्यांनी जावयांच्या पाठीवर बघितलं, एक ओरडली, "अगं बाई, गादी घेऊन आला धुवायला! उसव आधी, उसव!" आणि पुढचं टोक पाण्यात! इकडून जावई ओढतायत, तिकडून त्या ओढतायत. "नवीन लग्न झालेलं दिसतंय," दुसरी म्हणते, "लाजतोय बिचारा." जावई कानापर्यंत लाल, गादी एका बाजूने ओली, आणि नात गाडीत डोकं खाली घालून बसलेली. "आजी, पुरे. आता कुणाला काही विचारू नकोस."

पण मला तोंड आहे ना! ते नुसतं जेवायला दिलंय का देवाने?

पुढे वळणावर एक पत्र्याची शेड, आत एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन दगडच घडवत होता. आता ह्याला नाही कळणार तर कुणाला? ह्या वेळी मी नीट खुलासेवार विचारलं. "दादा, एक चांगला, मोठा दगड हवा, कुणी हात न लावलेला. आणि वेळ फार थोडा राहिलाय हो." त्याने हातोडी खाली ठेवली. टोपी काढली. आवाज उतरवून म्हणाला, "कुणासाठी?" मी म्हटलं, "अहो, आमच्यासाठीच." तर तो मला डोक्यापासून पायापर्यंत बघायला लागला... शिंपी बघतो ना, मनात माप घेत, तसा! म्हणाला, "स्वतः निवडायला आलात, फार चांगलं केलंत. बहुतेकांना जमत नाही. नाव काय घालायचं?"

तेव्हा माझं लक्ष त्याच्या मागे गेलं. गुळगुळीत दगड ओळीने उभे, प्रत्येकावर अक्षरं, कोपऱ्यात फुलं कोरलेली. मला वाचता येत नाही, पण थडग्याचे दगड कळतात हो! म्हटलं, "मला घाई नाही!" आणि अशी पळाले, तुम्हाला सांगते, गुडघ्यांनीसुद्धा तक्रार केली नाही.

गाडीत नात पोट धरधरून हसली. मी मात्र गप्प. जावई घाबरले, म्हणाले, "आजी, बरं वाटत नाही का?" आता काय सांगू... "नाव काय घालायचं" हे उभ्या जन्मात मला कुणी विचारलंच नव्हतं. घर आधी सासऱ्यांच्या नावावर, मग ह्यांच्या, आता लेकाच्या. माझ्या नावावर काय? खोकल्याचं औषध! औषधवाला बाटलीवर लिहितो, तेवढंच. आणि हे मी मोठ्याने बोलून गेले. तोंड आहे ना मला!

नात हसायची थांबली. म्हणाली, "आजी, आमच्यात ना, दगडावर पहिल्यांदा जो चढतो तो त्याला नाव देतो. मग कायमचं तेच नाव, सगळे तेच म्हणतात. मला एक चढता आला, तर तुझं नाव देईन."

घ्या! आत्तापर्यंत नुसतं तिचं मनगट पणाला लागलं होतं, आता माझं नावही लागलं. दुसऱ्या दिवशी बघायचं होतं तुम्ही मला! पहाटेपासून माळावर सगळ्यांच्या पुढे मी. हा घे, हा बघ, हा केवढा छान आहे! ती थोपटून बघायची, कान लावून बघायची. हा ठिसूळ, ह्याच्याखाली खड्डा, ह्याला धरायला काही नाही, हा रस्त्यावरून दिसतो. मी म्हटलं, "नवरा बघताना इतकं बघितलं नाहीस गं!" गादीखालून जावयांचं हसू ऐकू आलं. गरीब माणूस हो, फार.

दुपार झाली, माझे पाय गेले, आणि मला... आता पुढचं बायकांना कळेल, पुरुषांनी जरा खिडकीबाहेर बघा. मला जायचं होतं. आणि ह्या बाबतीत, तुम्हाला सांगते, माझा हात कुणी धरणार नाही. आडोसा कसा हवा? चांगला उंच हवा. वरून पुढे झुकलेला हवा. खाली जमीन सपाट, कोरडी, काटे नकोत. रस्त्यावरून दिसायला नको. आणि हाताला धरायला कपार हवी, कारण बसणं सोपं असतं, उठायचं कसं? तर बाभळींच्या मागे गेले आणि असा आडोसा मिळाला... असा मिळाला, की परत येऊन राहवेना. मला तोंड आहे ना! म्हटलं, "काय सुंदर जागा आहे गं! छपरासारखा झुकलाय, खाली अंगण, आणि धरायला अशी कपार, की जणू माझ्यासाठीच..."

पोरगी ताडकन उठली. "झुकलाय? किती झुकलाय? आणि कपार कुठे?" आणि धावतच सुटली. मागून मी ओरडतेय, "अगं थांब! जरा वाळू तरी दे!"

तर तोच दगड. तोच! गादी कुठल्या बाजूला अंथरायची नाही, ते मीच दाखवलं. जावई म्हणाले, "आजी, नाव ठरलं. आजीचा आडोसा!" मी म्हटलं, "खबरदार! ह्या कुळात कुणी असलं नाव घ्यायचं नाही. नाव माझं लागणार, पूर्ण, वडिलांचं आणि ह्यांचं धरून."

नातीने हाताला पूड चोळली. मनगटाकडे बघितलं. चढली, आणि धप्प. परत चढली, परत धप्प. मग गादीवर बसून राहिली. आणि तिने एक बूट काढला. बूट काढला की संपतं, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "काढ बाई, काढ. त्या शेडमधल्या माणसाकडे जाऊ. त्याचा दगड तयारच आहे, तो घालेल माझं नाव." तिने माझ्याकडे असं बघितलं... आणि हसली, आणि बूट परत पायात कोंबला.

आणि ह्या वेळी गेली की वर! पडलेल्या जागेच्याही वर! एका हाताने लोंबकळतेय, तोच हात, मोडलेला! आणि माझं धैर्य... कुठलं धैर्य? आत्ता चढ म्हणणारी मी, आणि आत्ता खालून बोंबलतेय, "अगं उतर! अगं उतर खाली! नको मला नाव, मसणात गेलं नाव, उतर खाली!" डोळे मिटले. तोंड मिटेना. जावयांनी दंड धरून हलवलं तेव्हा बघितलं, तर पोरगी वर उभी, दोन्ही हात आकाशात, हसतेय की रडतेय कळेना, आणि मी अजून ओरडतेच आहे, "अगं उतर खाली!"

बरं, पुढे? परतीच्या वाटेवर फोनला जीव आला, जावयांनी दगड त्या चढणाऱ्यांच्या नकाशावर चढवला, मी आपली पदर सावरून बसले. म्हटलं, "वाचा बघू, माझं नाव कसं दिसतंय." जावयांनी फोन नातीकडे सरकवला. नात म्हणाली, "आजी, खरं सांगू? तुझंच द्यायचं होतं. पण वर जाताना कानात तुझं एवढं एकच होतं. इतका राग आला तुझा, की हात दुखायचा राहूनच गेला. म्हणून तेच दिलं."

तर दगडाचं नाव, 'अगं उतर खाली.' नाव नाही लागलं हो माझं, तोंड लागलं! आडोशात निदान 'आजी' तरी होती, ती मीच खबरदार म्हणून घालवली.

आता लांबून लांबून येतात म्हणे लोक. नात फोटो दाखवते. एकामागून एक गाद्या पाठीवर घेऊन, नकाशात नाव शोधून, मोठ्याने वाचून येतात. 'अगं उतर खाली.' आणि लागलीच चढतात! शाळेत मी गेले नाही, मान्य. पण मला सांगा, वाचता मला येत नाही, का ह्या मेल्यांना?