पुशसाहेबांची बढती

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले मॅनेजरसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, आणि सुतारकाम, पॉलिश, गोदाम अशा सगळ्या खात्यांतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

साहेब बढती घेऊन मुख्य कार्यालयात चालले. आनंद आहे. इथून चालले, याचा तर जास्तच!

हसू नका. गोदामातून मला बोलावलं आणि म्हणाले, दोन शब्द बोला. साहेबांना स्वतःला इतकी वर्षं एकच शब्द पुरला. पुश! ऑर्डर अडली, 'पुश थ्रू'. ग्राहक कुरकुरला, 'पुश बॅक'. आम्ही दमलो, 'पुश युवरसेल्फ'. 'पुश द एन्व्हलप' म्हणजे काय, ते मी लेकीला विचारलं. म्हणाली, बाबा, मर्यादा ओलांडायची. कुणी ओलांडायची? अर्थात आम्ही. साहेबांनी कधी साधी हातगाडी तरी ढकललेली कुणी पाहिलीये का? इंग्रजांनी एका क्रियापदावर एवढे वाक्प्रचार रचले, साहेबांनी त्यांवर अख्खी नोकरी काढली. काम आपलं, क्रियापद त्यांचं.

आता पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडे एक रीत आहे. पॉलिश केलेली खुर्ची गोदामात येण्याआधी, जिने पॉलिश केलं तिने पांढरा झगा घालून त्या खुर्चीवर बसायचं. झगा कोरा राहिला, तरच माल हलतो. एका नव्या सभागृहासाठी केलेल्या खुर्च्यांवर आमच्या पॉलिशखात्यातल्या मावशी बसल्या, उठल्या, आणि झग्यावर हा एवढा तपकिरी पट्टा! मी तिथेच उभा होतो.

"साहेब, अजून चिकट आहे. उद्या दुपारी न्या," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "नो, मावशी. पुश थ्रू."

गाडी गेली. उद्घाटनाला पाहुणे टाळ्या वाजवायला उठले, तर त्यांच्याबरोबर खुर्च्याही उठल्या. हसा, आता हसा. पण पुढचं ऐका. साहेबांनी मालकांना काय कळवलं? पॉलिशवाल्या बाईंचा हलगर्जीपणा. सगळं खापर तिच्या माथी फोडून मोकळे! आणि तिला म्हणाले, "टाइम टु पुश ऑन, मावशी." गोड हसून, बरं का.

मावशी माझ्याकडे आल्या. "काय म्हणाले रे ते? उद्या येऊ ना मी कामाला?"

'आता निघा, उद्यापासून येऊ नका', हा त्याचा अर्थ मला सांगावा लागला. एखादीची भाकरी काढून घ्यायची आणि तिला कळेल अशा भाषेत बोलायचीही छाती नाही! लाज वाटते मला अशा माणसाला साहेब म्हणायची. वहिनी, तुम्ही समोर आहात, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण राग आहे तो आहे.

मावशी आज आल्यात. त्या बघा, दाराशी उभ्या आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. त्यांना त्यांचं काम परत हवंय, आणि ते मालकांच्या हातात आहे. मालक विचारतील, चूक कुणाची? म्हणून साहेब, माझ्यानंतर तुम्ही बोलाल तेव्हा एवढंच म्हणा: "माल ओला होता, मावशींनी अडवला होता, तरी मी पाठवायला लावला." साध्या मराठीत. मावशींना ऐकू जाईल असं.

मला बोलू दिलंत, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. आणि नसेल करायची, तर चूक माझ्याच नावावर टाका. दुसऱ्या कुणाला कामावरून काढू नका.