बिनविरोध

—न्हाय न्हाय, बसा की पावणं, सरकतो मी. बाकडं काय माझ्या बापाचं हाय व्हय? दवाखानाबी न्हाय. असता तर मला असं भाईर बसवायची छाती झाली असती का त्या डॉक्टरणीची? बाळासो चेअरमन म्हणत्यात मला, राधानगरीकडं कुणालाबी इचारा — गावची दूध संस्था माझ्याकडं, आजवर एकदाबी मतदान लागलं न्हाय, दर निवडणुकीला बिनविरोध — आन् ही कालची पोरगी मला म्हणती, 'काका, आत कोण आहे ते मी सांगू शकत नाही, बाहेर बसा.' काका! माझी सून आत हाय, तिची चप्पल ह्या दारात पडलीया, मीच घेऊन दिलेली — आन् म्हणं सांगू शकत नाही!

काय झालंय म्हणताय? काय व्हायचंय. पोटातलं काढून टाकाय आलीया. संयोगिता. धैर्यशीलची बायको, माझ्या एकुलत्या एक पोराची. पहिली पोरगी हाय, आता दुसरं राहिलं, तर म्हणती नको. का नको? तर पहिल्या खेपंला रक्त लई गेलं. गेलं की, कबूल हाय मला. दोन दिस शुद्ध न्हवती, धैर्या कोपऱ्यात बसून लहान पोरागत रडत हुता. पर वाचली का न्हाय? डॉक्टर म्हणाला, परत धोका हाय, सांभाळून करू. सांभाळून करू म्हणाला न्हवं? मग! बायका काय आज बाळंत व्हाय लागल्यात व्हय? पर ह्या शिकलेल्या पोरींचं काळीज म्हंजे चिमणीचं, आन् तोंड — तोंड तेवढं वाघिणीचं.

आन् मी काय मोगलाई केली न्हाय हां. सोप्यात बसवलं सगळ्यांस्नी, रीतसर — भाऊ, भावजया, पुतणे, चुलता गुंडूतात्या काठी टेकत आला. म्हटलं, मूल ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळं हात वर! धैर्याचाबी — भिंतीकडं बघत केला, पर केला की! आमच्या मंडळीचा, तानाबाईचाबी. एकटी सून तेवढी हाताची घडी घालून हुबी. आता मला सांगा, ह्यो देश कशावर चालतो? मेजॉरिटीवरच न्हवं? तर ती म्हणती कशी, 'मामा, आता मी एक विचारते. माझ्या जागी टेबलावर कोण झोपणार, त्यांनी हात वर करा.' बगा हे! ह्यो काय प्रश्न झाला? अजेंड्यावर नसलेला इषय! कोण करणार हात वर? कुणीच न्हाय केला. गुंडूतात्याला खोकला लागला. मी म्हटलं, सभा संपली.

वकिलाला फोन लावला की मी, सोडतोय व्हय? लई वर्षं झाली, आमच्या संस्थेचं खातोय त्यो. तर म्हणतो, 'चेअरमनसाहेब, सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते फक्त. नवऱ्याची लागत न्हाय, सासऱ्याची तर न्हायच न्हाय.' म्हंजे अख्खी भावकी एकीकडं आन् एक बाई एकीकडं, तरी तिचंच खरं? कायदा हाय का चेष्टा?

आन् वरनं दांडगाई अशी — एकटी न्हाय आली. संगट कोण? तानाबाई! माझी बायको! जिनं हात वर केलता ती! म्हशीच्या धारा काढल्या आन् दोघी गेल्या यष्टीत बसून. मी जीप काढून मागनं. ह्याच दारात गाठली तिला. म्हटलं, तू तर ठरावाच्या बाजूनं हुतीस की गं. तर म्हणती, 'हात खाली ठेवला असता तर घरात ऱ्हाऊ दिलं असतंसा काय?' आन् गेली आत. मला दार लावून!

ही बाई आधी अशी न्हवती वो. धैर्याच्या आधी दिवस गेलते तिला. तवा व्हायच्या तपासण्या — करून आणली, आन् आमच्या आईनं सांगितलं, ठेवायचं न्हाय. मी, दादा, वैनी, सगळी व्हय म्हटलो. गेली की गप. आल्यावर चार दिस भाकरीला शिवली न्हाय. तिला इचारलं हुतं का? इचारायचं काय त्यात? घराचा निर्णय हुता. शिस्त म्हणत्यात ह्याला.

—काय? तवा काढा म्हटलं, आता ठेवा म्हणताय, मग खरं काय? तुम्ही मास्तर हायसा काय वो? त्यो इषय येगळा! तवा ती पोरगी हुती म्हणून — म्हंजे तसं न्हवं. परिस्थिती. तवाची परिस्थिती येगळी हुती. ह्या खेपंला पोरगा असंल तर? असंल म्हटलं, मला कुठं ठावं हाय. सोडा. तुमच्या डोक्यावरनं जातंय हे.

थांबा. दार उघडलं.

ए तानाबाई! हिकडं. धर तिला नीट, वाकलीया किती — जीप त्या झाडाखाली हाय. अगं रिक्षाला कशाला हात करतीस? जीप हाय म्हणतोय न्हवं मी! बगितलंबी न्हाय वो, जशी वळखच न्हाय. आन् ही पिशवी घेऊन मागनं कोण —

धैर्या?

तू आत हुतास? सकाळधरनं आतच हुतास?

आरं, तू कशाला रिक्षात बसतोस? धैर्या!

...

काय बघताय वो पावणं? तुमचं काय काम हाय हितं? उठा. जावा तुमच्या वाटंनं.