काळा ठिपका कोणत्या पंखावर?

हॅलो? … हां गुंडुला, बोल. … नाही गं, हात शाईने बरबटलेत, फोन खांद्यावर धरलाय. बोल तू.

काय? हंसीण आत्ताच कापताय? अगं, मार्टिनचा सण उद्या ना? … हो, हो, आत सफरचंदं भरायची, मुरायला ठेवायची, ठाऊक आहे मला… पण माझी आडेले सोडून हं! थोरल्या बहिणीचा शब्द दिलायस तू. … दुसरी हंसीण? नक्की? दोघी बहिणी इतक्या सारख्या, डेटलेफने ओळखली कशी?

माझं चित्र बघून? … भिंतीवरून काढून अंगणात नेलं? काय गुणी नवरा आहे गं तुझा… हो, हो… चित्रात काळा ठिपका उजव्या पंखावर, म्हणून उजवीवाली ठेवली, आणि डावीवालीला…

थांब. गुंडुला, थांबव त्याला! … अगं, उलटं असतं ते! लाकडावर कोरते त्याच्या उलटं कागदावर उमटतं! … पोस्टात दिवसभर शिक्के मारतेस ना? शिक्क्यावरची अक्षरं कशी असतात? … मग! आडेलेचा ठिपका डावीकडे आहे, डावीकडे! … माझ्यावर नंतर ओरड, आधी खिडकीतून हाक मार त्याला!

… गुंडुला? … हॅलो? … अगं, बोल ना काहीतरी…

कोण, डेटलेफ? कापलीस? … टोपलीत? जिवंत आहे? … देवा रे. थांब, बसते जरा.

… नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय, मग? तुला हसू येतंय! अरे, मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून कोरणी धरवत नव्हती मला. संपलं आपलं, असंच वाटायचं. तुमच्याकडे आले, तर ही बया पोटरीला चोच मारत अंगणभर मागे लागली. इतकी हसले मी! घरी येऊन त्याच दिवशी फळी काढली, हिलाच कोरलं. तिला कशी खाऊ रे मी?

… हो… मग आता दुसरी कापणार का? … ऑं? तुझ्याच्याने होत नाही? … हं… चित्र धरून दोघींची तोंडं निरखत बसलास, आता कुणाच्याच मानेला हात लाववत नाही… अरे, मग कापू नकोस! बटाट्याचे गोळे करा, लाल कोबी करा. … तुझे वडील चिडतील तर चिडू देत, दोन घोट जास्त पाजा त्यांना.

दुसरी काय करतेय? … बादलीवर चढून? मान लांब करून टोपलीत डोकावतेय? बहिणीकडे?

डेटलेफ, हलू देऊ नकोस तिला. … मला काय माहीत कसं, पाव टाक पुढ्यात! … फोटोबिटो नको, डोळ्यांनी बघायचंय मला. लायपझिगहून दुपारची गाडी आहे, येतेच. … आडेलेला नेऊ? छे रे, नेते कुठली! दोघी एकाच चित्रात हव्यात मला. मोठी फळी आणते. … मनगटाचं मी बघते, तू हंसिणी बघ. ठेव आता, ठेव!