जपून बोला, छापून येईल!

मंडळी, आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ओळख म्हणजे काय हो? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला! शेजारचा माणूस, त्याचं नाव ठाऊक, त्याची गाय कधी व्याली ते ठाऊक. झाली की ओळख! असं? मग त्याच्या मनात काय चाललंय, ते ठाऊक आहे?

गप्प झालात! आता ऐका.

बागलाणातलं एक गाव. तिथं प्रमिला खैरनार नावाच्या बाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मग रिटायर झाल्या. पण गावाच्या लेखी कायम सिस्टरच! गावातली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती या बाईच्या हातात. सुई टोचताना गप्पांत असं गुंतवायच्या, की माणूस विचारायचा, "सिस्टर, टोचा की आता!" आणि त्या म्हणायच्या, "अरे, केव्हाच झालं. ऊठ!"

नवरा तरुणपणीच गेलेला. मूलबाळ नाही. दुपारी जेवण झालं, भांडी घासली, की घर कसं खायला उठायचं! मग ही बाई दार लोटून बसायची आणि गोष्टी लिहायची. लिहून मासिकांना पाठवायची. छापून यायच्या हो! पण नाव काय? प्र. खैरनार. वाचणाऱ्याला वाटायचं, कुणी मिशावाले गृहस्थ असतील!

आणि चार वाजले, की शेजारी लीलाबाई सोनवण्यांकडे चहा. लीलाबाई विधवा, मुलगा भूषण सुरतेला. दोघी ओट्यावर बसायच्या. एक बोलायची, दुसरी ऐकायची. बोलायची कोण? लीलाबाई! सिस्टर ऐकायच्या.

एकदा काय झालं, सिस्टरांच्या एका कथेला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला! सलूनमध्ये कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली सिस्टर!"

मग काय विचारता! सरपंच आले. शाल, नारळ, माईक. "आमच्या गावाचं भूषण!" मी विचारतो, सरपंच, गोष्ट वाचली का? छे! वेळ कुणाला आहे?

एक जण म्हणाला, "सिस्टर, नातवाचं बारसं आहे, पत्रिकेवर चार ओळी यमकात पाडून द्या." पाडून द्या! जशा काही चिंचाच! किराणावाला म्हणाला, "आमच्यावर लिहा की! माझं आयुष्य म्हणजे कादंबरी आहे!" मंडळी, जगात ज्याचं आयुष्य कादंबरी नाही, असा एक तरी माणूस भेटलाय का तुम्हाला?

इथवर हसण्यावारी होतं. पण हळदीकुंकवाला सिस्टर गेल्या, आणि एक सून सासूचं गाऱ्हाणं सांगता सांगता थांबली. दुसरी हसून म्हणाली, "जपून बोल गं बाई, छापून येईल!"

सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या. पण पुढचं गाऱ्हाणं काही निघालं नाही.

तेव्हापासून हेच! सिस्टर नळावर आल्या, की बोलणं भाज्यांच्या भावावर. ज्या बाईपाशी अख्खं गाव मन मोकळं करायचं, तिच्यापुढं गाव तोंड शिवून बसलं. मान दिला हो, खुर्ची दिली! पण खुर्चीवर बसवलं, की चटईवरची जागा जाते, मंडळी! देवाचं तरी काय करतो आपण? मखरात बसवतो, नमस्कार करतो, मागणं मागतो. कुणी कधी विचारलं, "देवा, तुला करमतं का रे?"

आणि एक दिवस चार वाजता लीलाबाईंचं दार बंद!

सिस्टरांनी हाक मारली, "लीला, अगं चहा?"

आतून आवाज आला, "चहाला येतेस का माझं दुःख गोळा करायला येतेस?"

"काय झालं गं?"

"गिरणीवर सगळ्या बोलत होत्या! तुझ्या गोष्टीतल्या म्हातारीचा मुलगा परगावी आहे म्हणे. म्हणजे मीच की! माझी लाज वेशीला टांगलीस, परमिला!"

"तू वाचलीस का?"

"मला दिसतंय कुठं वाचायला! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!"

सिस्टर परत फिरल्या. घरी येऊन चहा टाकला. सवयीनं दोन कप आधण ठेवलं होतं. अर्धा चहा मोरीत ओतला.

असे किती दिवस गेले! भिंतीपलीकडून लीलाबाईंचा खोकला ऐकू यायचा, आणि ह्या अलीकडं हातात औषध घेऊन बसायच्या. जायचं कसं?

शेवटी एका दुपारी दार वाजलं. लीलाबाई! भिंत चाचपत आल्या, पाटावर बसल्या. "वाच. काय लिहिलंयस ते तुझ्याच तोंडून ऐकते. मग भांडायचं तर नीट भांडू."

सिस्टरांनी वाचायला घेतलं. गोष्ट कुणाची होती, ठाऊक आहे? परगावी मुलगा असलेली म्हातारी होती, पण कोपऱ्यात. गोष्ट होती तिच्या शेजारणीची! त्या बाईला कुणी नाही. ती दिवसभर चार वाजण्याची वाट बघते. आणि तिला एकच धास्ती: म्हातारीचा मुलगा एक दिवस येईल, आईला घेऊन जाईल. मग चार वाजता कुणाकडं जायचं? आणि शेवटी तो मुलगा खरंच येतो, म्हातारीला घेऊन जातो.

वाचून झालं.  लीलाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज येतेस. हे कधी बोलली नाहीस?"

"बोलता आलं असतं, तर लिहिलं कशाला असतं?"

"मग? म्हातारी गेल्यावर ती बाई काय करते?"

मंडळी, सिस्टरांचे डोळे भरून आले! शाल मिळाली, नारळ मिळाला, पण गोष्टीतल्या त्या बाईचं पुढं काय झालं, हे अख्ख्या गावात कुणी विचारलं नव्हतं!

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "तिथंच संपते."

लीलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "भूषणचा फोन आलाय. डोळ्यांचं ऑपरेशन तिकडंच करू म्हणतो. कायमचीच ये म्हणतो. तुला सांगायची हिंमत होत नव्हती. रागवणं सोपं गेलं मला."

लीलाबाई गेल्या हो सुरतेला. गोष्टीत घडलं तेच घडलं, त्याला इलाज नाही. पण जाईपर्यंत रोज चहा झाला. आणि आता बोलायच्या कोण? सिस्टर! लीलाबाई ऐकायच्या.

आज त्या गावात सिस्टरांना सगळे ओळखतात. वाटेत भेटलं, की नमस्कार करतात, आणि पुढं जातात. संध्याकाळी ओट्यावर एकटी बाई बसलेली असते.

तर मायबाप, तुम्ही म्हणाल, आमच्या आळीत कुणी लेखक नाही, आम्ही सुटलो! कसले सुटता? गोष्ट प्रत्येकाकडं असते. कुणी लिहितं, कुणी गिळतं. आत्ता तुमच्या मांडीला मांडी लावून जो बसलाय, त्याच्याकडं बघा. लाजू नका, बघा! आज घरी जाताना त्याला नमस्कार करू नका. त्याच्याजवळ थांबा, आणि विचारा, "मग? पुढं काय झालं?"

आणि विचारलंत, तर उत्तर संपेपर्यंत उठू नका!

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!