मागचा चाप

"हॅलो?... कोण, धनाजी? बोल बोल. जरा मोठ्यानं, तुझी मामी मिक्सर लावून बसलीय."

भाच्याचा फोन म्हणजे सल्ला विचारायला, हे विलासरावांना ठाऊक होतं. बंदुकीतलं कळणारा माणूस अख्ख्या खानदानात एकच, असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गाव साताऱ्याकडे राहिलं, पण वाशीत बसून ऐट काही कमी झाली नव्हती.

"परवाना झाला? बरं झालं. डुकरांनी ऊस ठेवला नाही म्हणतोस... हां, मग रायफल बघितलीस?... दोन? एक साधी, एका चापाची... आणि दुसरी दोन चापांची. हो, हो, माहितीय. मागचा चाप ओढून ठेवला की पुढचा एकदम हलका, नुसतं बोट टेकलं की बार. नेम हलत नाही... हो रे, मीच कौतुक करायचो. पण ऐक ना, तू एका चापाचीच घे... जड असू दे. जडच बरा... का म्हणजे?... आप्पापण तेच म्हणतात?... काय म्हणालास? स्वतःच्या पायावर बार काढणाऱ्याचं काय ऐकायचं?"

हे वाक्य विलासरावांचंच. आप्पा म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विलासरावांचे दाजी. दर लग्नात विलासराव लंगडून त्यांची नक्कल करायचे आणि मांडव हसायचा. आज तेच वाक्य आप्पांच्या पोराच्या तोंडून आलं आणि त्यांची मान खाली गेली.

"धनाजी, थांब... बापाला असं बोलू नको. अरे, ऐक तर... त्या दिवशी, एकाहत्तर साली, बांधावर ती रायफल माझ्या हातात होती. तुमच्या घरचीच, दोन चापांची. डुक्कर दिसलं, मी मागचा चाप ओढला. डुक्कर पळालं. चाप उतरवायला विसरलो, तशीच आप्पांच्या हातात दिली. सांगितलं नाही. ते बांध उतरताना पुढचा चाप कुठंतरी लागला... त्यांची काही चूक नव्हती रे. मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं बोललो नाही... हॅलो? आहेस ना? शिव्या दे, पण बोल..."

पलीकडून आवाज आला, पण तो धनाजीचा नव्हता.

"कोण?... दाजी?... तुमी कवापासनं ऐकताय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं विलासरावांना झालं. ते तिथंच स्टुलावर बसले, आणि तोंडात आपसूक गावची बोली आली.

"व्हय... व्हय दाजी, मीच. तुमचा हात नव्हता चुकला... काय? त्या दिसापासनं कोयतासुदीक दुसऱ्याच्या हातात दिला? आपल्या हाताचा भरवसा नाय म्हणून?... मला ठावं नव्हतं, दाजी... माफी मागायला तोंड नाय मला... बरं, नाय मागत... कुठं? तुमच्या वैष्णवीच्या साखरपुड्यात?... तोच किस्सा?... समद्यांम्होरं... व्हय. सांगतो. लंगडून नाय दाखवणार. जसा घडला तसा सांगतो... दाजी, आन् रायफल एका चापाचीच... हॅलो?... हॅलो?"

लाइन तुटली की दाजींनी ठेवला, कळलं नाही. विलासरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

आत मिक्सर थांबला. पदराला हात पुसत अरुणा बाहेर आली. दाजींचं नाव तेवढं तिच्या कानावर पडलं होतं, आणि आता नक्कल होणार म्हणून ती आधीच हसत होती.