राउटर नऊ-नऊवर नेल्याबाबत पुरवणी जबाब

माझे नाव भगवान तुळशीराम घरत, वय ६२ वर्षे, मार्गशीर्षात ६३ लागेल. धंदा रेती, खडी व विटांचा पुरवठा. राहणार मौजे कोन, ता. पनवेल, जि. रायगड. आज सोमवारी सकाळी ११.३० वाजता मी या पोलीस ठाण्यात याच टेबलावर एक तक्रार दिली होती. आता सायंकाळी ५.१० वाजता, कोणी न बोलावता, स्वतः परत आलो असून खरे काय घडले ते सांगतो.

माझे ऑफिस पनवेलला उरण नाक्याजवळ आहे. तेथे चारुता, राहणार विचुंबे, वय २९, ही सहा वर्षांपासून संगणकाचे सर्व काम बघते. गाड्यांसोबत द्यायची मालाची चलने तीच छापून काढते. मागील मंगळवारी ऑफिसात नवीन राउटर बसवला. तो रोडपालीच्या निकेशने बसवला. जाताना त्याने राउटरवर एक चिठ्ठी चिकटवली व मला सांगितले की, "शेठ, याला हात लावू नका." चिठ्ठीवर राउटरचा पत्ता व पासवर्ड होता. हात लावू नका असे सांगितले नसते तर मी चिठ्ठी वाचली नसती, हेही लिहून घ्यावे.

पत्ता १९२.१६८.१.१ असा होता. मी त्याची बेरीज केली. ती २९, म्हणजे ११, म्हणजे दोन आली. दोन आकडा आमच्या घराला सोसत नाही. माझ्या गाडीचा नंबर ९००९ आहे. दोन्ही डंपर, मोबाईल, गॅसचा नंबर, सगळ्यांची बेरीज नऊ येते. माझी पत्नी वेणू म्हणते की, तुम्ही पाहिलेली मी नववी मुलगी होते म्हणून तुम्ही होकार दिलात. हे खरे आहे, परंतु ते विषयाला धरून नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार शोभाताईंचे म्हणणे पडले.

काल रविवारी दुपारी जेवण करून मी एकटाच ऑफिसला गेलो. चिठ्ठीप्रमाणे संगणकावर राउटर उघडला. प्रथम सगळीकडे ९९९ टाकून पाहिले. ते लाल झाले. २५५ च्या पुढचा आकडा घेत नाही असे दिसले, कोणी ठरवले माहीत नाही. मग पुढचे आकडे तसेच ठेवून शेवटी ९.९ टाकले. बेरीज ४५, म्हणजे नऊ. मी बटण दाबले. पान बंद पडले, परंतु इंटरनेट चालू होते. मला समाधान वाटले. वाटेत पेढे घेऊन मी घरी गेलो.

आज सकाळी ९.१५ वाजता चारुताने सांगितले की प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर होता. मी ते तिला दाखवले. ती म्हणाली, "शेठ, मला दिसतोय हो, कॉम्प्युटरला दिसत नाहीये." थोड्या वेळाने अंगठ्याच्या मशीनवरची हजेरी संगणकावर येईना. त्याप्रमाणे ऑफिसात त्या वेळी कोणीच हजर नव्हते, मीसुद्धा. मग माझ्या मोबाईलवर ऑफिसचा कॅमेराही दिसेनासा झाला. चलन निघेना म्हणून फाट्यावर चार गाड्या उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हर मला फोनवर फोन करू लागले.

माझे डोके फिरले. चारुताने शनिवारी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवसांची रजा मागितली होती व मी ती दिली नव्हती. तिने डूख धरला असे मला वाटले. मी सर्वांसमोर म्हणालो, "इंटरनेट चालू हाय, मंग बाकीचा कोनी बंद केला? तूच केलास." आणखी बरेच बोललो. ते शब्द लिहू नयेत. ती रडली नाही. तिने ऑफिसची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली व म्हणाली, "शेठ, उद्यापासून दुसरं कोणी बघा." त्यावर मी इथे येऊन तक्रार दिली. तुम्ही तिला बोलावून घेतले. दुपारी १२ पासून ती बाहेरच्या बाकावर बसून आहे. गुन्हा दाखल झाला तर तिला पुढे कोणी नोकरीवर घेणार नाही, हे ठाण्याच्या साहेबांनी मला सकाळीच सांगितले होते. मी म्हणालो होतो, नको घेऊ दे.

दुपारी ३ वाजता निकेश ऑफिसला आला. लॅपटॉप लावून त्याने विचारले, "हे नऊ-नऊ कोणी केलं?" निकेशने खिडकीतून माझ्या गाडीच्या नंबरकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. मी म्हणालो, हॅकरलाही नऊ आकडा आवडत असेल. त्यावर निकेशने पाण्याचा ग्लास उचलला व बराच वेळ पाणी पीत राहिला.

त्याने मला समजावले ते असे की, संगणकांना राउटर आपला आपण पत्ता देतो. प्रिंटर, अंगठ्याचे मशीन व कॅमेरा यांना मात्र कायमचे पत्ते दिलेले असतात. ते तिघे एकच्या आळीत राहत होते. मी राउटर उचलून नऊच्या आळीत नेला. आता ते तिघे जुन्या आळीत हाका मारत बसले आहेत. कोणी काही बिघडवलेले नाही.

ते कायमचे पत्ते शोधण्यासाठी निकेशने चारुताची वही उघडली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिले होते: प्रिंटर १.९, अंगठा मशीन १.१८, कॅमेरा १.२७. निकेश म्हणाला, असे कोणी देत नाही, लोक ओळीने दोन, तीन, चार देतात. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘शेवटच्या आकड्याची बेरीज ९ ठेवणे, शेठना बरे वाटते.’ त्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे. हे तिने मला कधीही सांगितले नाही. मी ती वही बंद केली व गाडी काढून इकडे आलो. येताना गाडीचा नंबर मला बघवला नाही.

माझी चारुताविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. सकाळची तक्रार खोटी आहे, ती माझ्या रागाने दिली. मला लाज वाटते. मला तोंडाने माफी मागता येत नाही. बत्तीस वर्षांत वेणूचीही मागितलेली नाही. आत येताना मी बाकापाशी थांबलो होतो, परंतु "जेवलीस का?" एवढेच विचारले. तिने मान दुसरीकडे केली. शोभाताई म्हणाल्या की जबाब वाचून दाखवावाच लागतो. तेव्हा माझी विनंती की दार पूर्ण उघडावे, पंखा बंद करावा आणि आवाज बाकापर्यंत जाईल असा वाचावा.

त्याप्रमाणे शोभाताईंनी वाचला. वहीचा मजकूर आला तेव्हा बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला. नंतर चारुता दारात येऊन उभी राहिली व म्हणाली, "राउटर परत एक-एकवर जाईल. त्याची बेरीज दोन येते, शेठ. चालेल?" शोभाताईंनी पेन थांबवले. मी म्हणालो, "चालंल. आनि रजा पाच नाय, नऊ दिवस घे." ती म्हणाली, "पाचच पुरे. नऊ दिवस तुम्हाला एकटं सोडलं तर ऑफिस राहणार नाही." हे दोन्ही मला मान्य आहे.

ऑफिसची किल्ली मी तिच्या हातात दिली, ती तिने घेतली. वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला आहे, ज्याने ऐकायचा त्याने ऐकला आहे, आणि तो बरोबर आहे.

सही: भगवान तुळशीराम घरत
वेळ: सायंकाळी ६.०५ (६.०३ लिहावी अशी विनंती केली होती, ती चारुताने मागे घ्यायला लावली.)