बाहेर थांबणारी बाई

घरवाटपाच्या खिडकीपुढे रांग होती. आई गेल्यावर तिच्या घराची किल्ली परत द्यायला आलेली लेक पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत होती. एक अजून बेघरांच्या निवाऱ्यात राहणारी, दुसरी वर्षापूर्वी तिथून घरात गेलेली, आज तिच्या सोबतीला आलेली.

“ताई, निवाऱ्यातली जागा सोडली आणि घर नाही निभावलं तर? दोन लेकरं घेऊन कुठं जाऊ?”

“मलाही हीच धास्ती. महिनाभर पिशव्या बांधलेल्याच ठेवल्या होत्या मी.”

“कुणी बोललं नाही?”

“इथल्याच मदतनीस बाई दर मंगळवारी घरी यायच्या. शाळा, दवाखाना, सगळं मार्गी लावलं. पिशव्यांबद्दल चकार शब्द नाही.”

“आपल्या घराची किल्ली असते का गं त्यांच्याकडे?”

“असते की. तरी बेल वाजवून बाहेरच थांबतात. एकदा मी मुद्दाम दार उघडलंच नाही.”

“अगं बाई! चिडल्या असतील.”

“कसल्या चिडतात! बाहेरूनच म्हणाल्या, ‘घर तुमचं आहे. उद्या येऊ का?’”

“निवाऱ्यात तर कुणीही दार ढकलून आत येतं.”

“तेच तर. त्या गेल्या आणि मी पिशव्या सोडायला बसले.”

“...पेन दे, ताई. घराच्या कागदावर सही करते.”

“माझ्याकडे कुठलं पेन!”

मागून लेकीने आपलं पेन पुढे केलं.